धारेचं इंग्रजी

पहाटे नानाला जाग आली ती इंग्रजीनं. एरवी कोंबडा उठवायचा, कोंबडा चुकला तर चुलीचा धूर उठवायचा, आणि दोन्ही चुकले तर बायको पांघरूण ओढायची. आज तिन्हीतलं काही नव्हतं. गोठ्यातून चरवीत धार पडल्याचा आवाज येत होता, चर्र, चर्र, आणि प्रत्येक धारेबरोबर एकेक शब्द पडत होता.

"वन डे." चर्र. "वुई वेन्ट." चर्र. "टू सी." चर्र. "अ लाइटहाउस." चर्र.

नाना पांघरूण गुंडाळून तसाच गोठ्याच्या दारात आला. बाहेर धुकं इतकं दाट की दहा पावलांवरची विहीर दिसत नव्हती. काळी माती दवानं चिकट झालेली, अनवाणी पायाला गार लागत होती. आत बायको म्हशीच्या पोटाला कपाळ टेकवून बसली होती. डोळे मिटलेले, हात चालू, तोंड चालू. म्हैस कान टवकारून निवांत रवंथ करत होती.

"अगं, कुणाशी बोलतेस?"

बायकोनं डोळे उघडले नाहीत. "द सी वॉज ब्लू," ती म्हणाली आणि सड बदलला.

"म्हशीला काय परदेशी पाठवायचंय?"

"ओरडू नका. पान्हा चोरेल ती."

"ती चोरेल! इथं माझी झोप चोरीला गेली त्याचं काय? काय लावलंयस हे?"

"अभ्यास."

"कसला?"

"इंग्रजीचा. फॉर्म भरलाय मी. राहिलेला विषय काढायचाय."

नाना दाराच्या चौकटीला टेकला. लग्नाला बावीस वर्षं झाली, बाईनं मीठसुद्धा विचारून आणलं, आणि फॉर्म भरला तो असा परस्पर.

"मला विचारलं नाहीस?"

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

"नको म्हणालो असतो."

"म्हणूनच नाही विचारलं," बायको म्हणाली आणि पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. "वन डे. वुई वेन्ट."

तर भानगड अशी होती. नानाची बायको शाळेत सगळ्या विषयांत पास आणि इंग्रजीत एकोणीस. पुन्हा बसायचं ठरलं होतं, तेवढ्यात नानाचं स्थळ आलं आणि इंग्रजी माहेरीच राहिलं. पुढं गावात दूध गोळा करायचं केंद्र निघालं. तिथं तिला कॅन धुवायचं काम मिळालं. नऊ वर्षं कॅन धुता धुता बाईनं सगळं केंद्र हातात घेतलं. खुर्चीत बसायचे दूधमास्तर, पण त्यांना दोन डोळ्यांत मिळून एका डोळ्याचं दिसायचं, आणि दुपारच्या जेवणानंतर तेवढंही नाही. दुधाचा कस दाखवणारी काचेची नळी सोडायची हिनं, वाचायचं हिनं, आकडा सांगायचा हिनं. मास्तर फक्त लिहायचे, आणि तेही अधूनमधून.

आता मास्तर घरी बसणार होते. जागा रिकामी होणार म्हटल्यावर वरून नियम आला: खुर्चीत बसणारा माणूस शालान्त पास हवा, आणि तो उन्हाळा संपायच्या आत हवा. केंद्राच्या चेअरमनचा भाचा पास होता. दूध म्हशीच्या कुठल्या टोकाला येतं असं विचारलं तर तो आधी मामाच्या तोंडाकडे बघायचा, पण पास होता. बायको नापास राहिली, तर तो खुर्चीत बसणार, आणि ही त्याला आकडे सांगत आणखी वीस वर्षं कॅन धुणार.

हे सगळं नानाला कळत होतं. कळलं म्हणून पटतंच असं कुठं आहे!

"या वयात?" तो चहा पिताना म्हणाला. "केस पिकायला लागले. पोरगी नववीत गेली. लोक हसतील."

"लोकांचं राहू द्या. तुम्ही आत्ताच हसून घ्या, म्हणजे माझं एक काम संपेल."

मुलगी मध्येच बोलली, "बाबा, आमच्या इंग्रजीच्या बाईंनी आईला तीन निबंध दिलेत. लाइटहाउस, रेल्वेचा प्रवास आणि आवडता खेळ. तिन्हीतला एक येतोच येतो म्हणाल्या."

"लाइटहाउस म्हणजे काय गं?"

"समुद्राकाठचा उंच मनोरा. वर दिवा असतो. बोटींना वाट कळावी म्हणून."

"आपल्या इथं डबकं दिसायचं तर पाऊस यावा लागतो," नाना म्हणाला, "आणि ही समुद्राची बत्ती पाठ करतेय!"

पण बायकोचा हिशेब सरळ होता. दिवसभर केंद्र, रान, सरपण, पाणी. पुस्तक घेऊन बसायला फुरसत कुठली? दोन वेळच्या धारेला मात्र अर्धा अर्धा तास हात गुंतलेले आणि डोकं मोकळं. तेव्हा मुलीनं रात्रीच्या जेवणाआधी एक ओळ वाचून दाखवायची, आईनं ती धारेवर बसवायची. एका धारेला दोन शब्द, फार तर तीन. लांबलचक वाक्य धारेत बसत नाही म्हणून मुलीनं वाक्यं तोडून तोडून आखूड केली. दुपारी तेच खडूनं गोठ्याच्या भिंतीवर लिहायचं. महिन्याभरात भिंतीवर म्हशीच्या पाठीच्या उंचीपासून वर सगळं इंग्रजी झालं. त्याच्याखाली लिहायची सोय नव्हती, कारण तिथं म्हैस अंग घासायची आणि निबंध पुसायची.

नानाला आयता विषय मिळाला. संध्याकाळी शिंप्याच्या दुकानापुढच्या बाकावर त्याची बैठक असायची. तिथं तो रंगात यायचा.

"आमची म्हैस आता साधं बोललेलं ऐकून घेत नाही," तो सांगायचा. "काल म्हटलं, सरक गं. ढिम्म हलली नाही. शेवटी हात जोडून 'प्लीज' म्हटलं, तेव्हा बाईसाहेबांनी एक पाय उचलला."

"आणि पारडू?" शिंपी मशीन थांबवून विचारायचा.

"पारडू अजून बालवर्गात आहे."

बाक हसायचा. नानालाही बरं वाटायचं. पण शिंप्याची जीभ त्याच्या कात्रीपेक्षा धारदार. एकदा तो दोरा तोडता तोडता म्हणाला, "हसतोस खरा नाना. पण वहिनी पास झाल्या आणि खुर्चीत बसल्या, की तुला काय म्हणायचं? मास्तरणीचा नवरा?"

पुन्हा बाक हसला. या वेळी नाना हसला नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं काहीतरी तो पुटपुटला आणि घरी आला. वाटेत त्याला स्वतःची सही आठवली. तो चौथीतून शाळा सोडून नांगराच्या मागं लागलेला; त्याची सही म्हणजे शाईत बुडालेला मुंगळा चालत गेल्यासारखी. त्याला भीती वाटत होती, आणि ती बायको नापास होण्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं एक उद्योग केला. गोठ्यात "देअर वेअर मेनी स्टेप्स" चालू असताना याच्या हातून पत्र्याचं घमेलं पडलं. म्हणजे पडलं असं तो पुढं सांगायचा. खरं तर टाकलंच. दगडी पायरीवर घमेलं असं दणाणलं, की म्हैस उसळली, एक लाथ चरवीवर बसली आणि पाच लिटर दूध शेणात गेलं. वाफाळतं पांढरं दूध काळ्या मातीत शिरताना नाना बघत उभा राहिला.

बायको उठली. तिच्या गुडघ्याला लागलं होतं. तिनं म्हशीच्या गळ्याखाली हात फिरवला. "घाबरली बिचारी," एवढंच म्हणाली, चरवी उचलली आणि विहिरीकडे गेली. तिनं शिव्या घातल्या असत्या, तर नानाला त्या बऱ्या वाटल्या असत्या. दुभत्या जनावराच्या लाथा गोड म्हणतात. पण न दुभत्या नवऱ्याचं काय करायचं ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

संध्याकाळी धारेला ती पुन्हा बसली आणि पायऱ्यांपासूनच सुरू झाली. नानानं ते घमेलं गोठ्यापासून लांब, पार कडब्याच्या गंजीच्या पलीकडे नेऊन ठेवलं. तेव्हापासून शिंप्याच्या बाकावर त्याच्या म्हशीच्या गोष्टी कमी झाल्या.

थंडी सरली. मातीला आधी बारीक रेघा पडल्या, मग बोट जाईल एवढ्या भेगा. वारा रानातला पाचोळा उचलून घराघरात टाकू लागला. आणि परीक्षेचा दिवस आला.

परीक्षा मोठ्या गावच्या शाळेत, दुपारी. येताना शेवटची गाडी. म्हणजे संध्याकाळची धार नानाच्या गळ्यात. मुलगी आईबरोबर जाणार होती, कारण आईला एकटीनं त्या गावी जायची धास्ती होती आणि मुलीला तिथं जायची हौस.

निघताना बायको म्हणाली, "पेंड भिजवून ठेवलीय. सड आधी कोमट पाण्यानं धुवा. हिसका मारू नका."

"मला शिकवू नकोस. तू जन्माला यायच्या आधीपासून मी धारा काढतोय."

"मी तुमच्यापेक्षा तीनच वर्षांनी लहान आहे," बायको म्हणाली आणि मुलीचा हात धरून चालू लागली. फाटकाशी थांबली, मागं वळली. तोंड सुकलेलं होतं. नानाला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, तोंडातून निघालं ते, "छत्री घे, ऊन आहे."

संध्याकाळी नाना बाह्या सरसावून गोठ्यात गेला. पेंड ठेवली, सड धुतले, पारडू दोन घोट पाजून बाजूला बांधलं आणि बसला. एक ओढ, दोन ओढी. काही नाही. म्हशीनं पान्हा चोरला होता. नानानं पारडू पुन्हा सोडलं, पुन्हा बांधलं. पाठीवर हात फिरवला. "बाई गं," म्हणाला, "माझे आई," म्हणाला. म्हशीनं मान वळवून त्याच्याकडे असं पाहिलं, जसं पाहुण्यानं उशीर केल्यावर घरातली माणसं पाहतात.

दूध न्यायची गाडी सात वाजता यायची. साडेसहा झाले. घामानं नानाचा सदरा पाठीला चिकटला. कुंपणापलीकडून शेजारची सुतारकाकी बघत होती. न राहवून ती आत आली, तिनंही हात लावून पाहिला. म्हैस हलेना की सोडेना.

"भावजी," सुतारकाकी म्हणाली, "वहिनी धारेला काहीतरी म्हणतात ना हो? रोज ऐकू येतं मला. ते म्हणा की."

"ते इंग्रजी आहे काकी."

"मग?"

"मग काय? मला कुठलं येतंय?"

"मग बसा. मी जाते, माझं दूध उतू जाईल. आमची आपली साधी शेळी आहे."

काकी गेली. नानानं इकडंतिकडं पाहिलं. उठून गोठ्याचं दार लोटून घेतलं. परत बसला, म्हशीच्या पोटाला कपाळ लावलं आणि चोरासारखा हळूच म्हणाला, "वन डे."

म्हशीचा कान हलला.

"वुई वेन्ट. टू सी."

पुढचं आपल्याला येत नाही याची नानाला खात्री होती. पण जीभ आपणहून पुढं गेली. "अ लाइटहाउस. इट वॉज टॉल. इट वॉज व्हाइट." चार महिने रोज पहाटे पांघरुणात पडल्या पडल्या, नको नको म्हणत जे कानात गेलं होतं, ते सगळं तिथं जागच्या जागी होतं. पालथ्या घड्यात पाणी साठलं होतं म्हणा ना! "देअर वेअर मेनी स्टेप्स." म्हशीनं एक मोठा श्वास सोडला. कास भरून आली आणि पहिली धार चरवीच्या बुडाला लागली, चर्र.

"वुई क्लाइम्ब्ड! वुई गॉट टायर्ड!"

आवाज उतरला की धार बारीक व्हायची, म्हणून नाना आवाज चढवत गेला. मनोऱ्याच्या टोकावर पोचेपर्यंत तो बाजारात ओरडल्यासारखा ओरडत होता. "फ्रॉम द टॉप! वुई सॉ द सी! द सी वॉज ब्लू!" निबंध संपला, चरवी फेसानं काठोकाठ भरली, आणि बाहेरून टाळ्या पडल्या.

त्यानं दार उघडलं. सुतारकाकी एकटी नव्हती. शिंपी होता, गाडीचा ड्रायव्हर होता, चार घरची माणसं होती.

"पुढं सांग की," शिंपी म्हणाला. "खाली उतरला का नाहीस त्या मनोऱ्यावरून?"

त्या संध्याकाळपासून गावानं नानाला लाइटहाउस म्हणायला सुरुवात केली. उंची सव्वापाच फूट.

पण नानाला राग येण्याऐवजी भलताच आनंद झाला होता. आपल्याला इंग्रजी येतं! कधी एकदा बायको येते आणि तिला सांगतो असं त्याला झालं. दिवेलागणीला ती फाटकातून आत आली. तिचा चेहरा पाहिल्यावर त्याचं सांगायचं राहूनच गेलं.

"काय गं? कुठला आला? लाइटहाउस?"

"नाही."

"मग रेल्वे?"

"नाही."

"खेळ?"

बायको ओसरीच्या पायरीवर बसली. मुलीनं पाण्याचा तांब्या आणून दिला. तो तिनं हातातच धरून ठेवला.

"तिन्हीतलं एकही नाही आलं," ती म्हणाली. "आलं ते भलतंच. तुम्ही रोज करता त्या एखाद्या कामाविषयी लिहा. पंधरा गुणांना."

"मग?"

"मग काय करणार? अर्धा तास तशीच बसले. मग..." तिचा आवाज बारीक झाला. "मग मनानं लिहिलं."

"मनानं?"

"हो."

"इंग्रजी?" नानाचा विश्वास बसेना. "इंग्रजी कुणी मनानं लिहितं का? ते पाठ करून लिहायचं असतं!"

"मला माहीत नाही का ते? पण काय करू, आलंच नाही पाठ केलेलं. आपल्या मनानं काहीतरी लिहिलं, म्हणजे ते चुकीचंच असणार. सगळं गेलं." आणि इतका वेळ धरून ठेवलेलं तिचं रडू फुटलं. "वर आणि देखरेखीचा साहेब येऊन उभा राहिला. म्हणाला, डावा हात बाकाखाली का हलवताय? चिठ्ठी आहे का? म्हटलं, नाही. दाखवा म्हणाला. दाखवला. हातात काय असणार? मग हलवता कशाला, म्हणाला. म्हटलं, सवय. सगळी पोरं हसली. माझ्या मुलीच्या वयाची पोरं."

नानाला खरं तर जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. भाचा खुर्चीत बसणार, आणि मास्तरणीचा नवरा असं कुणी म्हणणार नाही. पण तसं काही वाटलं नाही. तो तिच्याशेजारी पायरीवर बसला.

"काय लिहिलंस ते सांग तरी."

"आता कशाला?"

"सांग गं."

तिनं नाक पुसलं. "धार काढायचं लिहिलं. दुसरं काय येतं मला? एका ओळीत दोन-तीन शब्द, धारेत बसतील एवढेच. मी पहाटे उठते. बाहेर धुकं असतं. म्हैस काळी आहे. ती माझी वाट बघते. माझे हात गार असतात. मी ते आधी माझ्या गळ्याला लावते. गळा गरम असतो. मग सडाला लावते. गार हात तिला आवडत नाहीत. मग ती दूध देते. असंच काहीबाही."

बावीस वर्षं नानानं या बाईच्या हातचं दूध विकलं होतं. ती आधी आपल्या गळ्याला हात लावून ऊब घेते आणि मग धारेला बसते, हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं असेल तर लक्षात घेतलं नव्हतं. परीक्षा घेणाऱ्या कुठल्या लांबच्या साहेबाला ते त्याच्याआधी कळणार होतं. नानाला त्या न पाहिलेल्या साहेबाचा मत्सर वाटला.

"बरं लिहिलंयस," तो म्हणाला.

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं!"

"इंग्रजीतलं नाही कळत. म्हशीतलं कळतं."

त्यानंतर बायकोनं इंग्रजी सोडलं. गोठ्याची भिंत तिनं शेणामातीनं सारवून टाकली. धारेला बसायची ती मुकाट्यानं. म्हैस मात्र बोलल्याशिवाय पान्हा सोडायला तयार नव्हती. तीन दिवस दूध अर्ध्यावर आलं. चौथ्या दिवशी पहाटे नाना आपणहून उठला, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि जांभई देत म्हणाला, "वन डे."

बायकोनं वळून पाहिलं. बऱ्याच दिवसांनी ती हसली. "तुम्हाला कुठून येतं?"

"झोप चोरीला गेली होती ना, त्याची भरपाई," नाना म्हणाला.

मग रोज तेच. ती धार काढायची, हा निबंध म्हणायचा. ऊन चढत गेलं, विहिरीचं पाणी तळाला गेलं, आणि एका तापलेल्या दुपारी मुलगी शाळेकडून धावत आली. धावता धावता तिची एक चप्पल रस्त्यात राहिली होती.

"आई! एकेचाळीस!"

"कशात?" आईनं विचारलं. तिला वाटलं, ऊनच एकेचाळीसवर गेलं.

"इंग्रजीत! पस्तीसला पास. तुला एकेचाळीस!"

बाई कॅन घासत होती. तिनं तो कॅन घासून पूर्ण केला, उपडा ठेवला, हात पुसले, आणि मग मुलीला पोटाशी धरलं. मनानं लिहिलेलं इंग्रजी चालतं, हे तिला पुढं दोन दिवस कुणाला तरी परत परत सांगावं लागत होतं. नानानं तेवढं काम केलं.

चेअरमननं गुणपत्रिका हातात घेऊन पाहिली, उजेडाला धरून पाहिली, उलटी करून पाहिली. मागं काही सापडलं नाही. भाचा म्हणाला, "मामा, राहू दे. मला तसाही दुधाचा वास सहन होत नाही." मास्तरांनी आपला चष्मा तेवढा बरोबर नेला, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला नानाची बायको खुर्चीत बसली.

आता गावात एक जुनी रीत होती. धार काढून झाली की दूध कॅनमध्ये ओतायचं, मग चरवीत लोटाभर पाणी घालून ती विसळायची आणि ते पाणी कॅनमध्येच ओतायचं. दुधाचा थेंब वाया जाऊ नये, असं त्याचं कारण सांगायचे. कुणी विसळताना लोटा घ्यायचं, कुणी कळशी. मास्तरांना नळीवरचा आकडा दिसायचा नाही, आणि कॅन धुणाऱ्या बाईनं सांगितलेला आकडा लिहिताना ते माणुसकी म्हणून वर दोन टाकायचे. याला गावात कुणी पाणी घालणं म्हणत नसे. विसळणं म्हणत.

पहिल्याच सकाळी केंद्रापुढं ही रांग लागली. वहिनी खुर्चीत कशा दिसतात, हे सगळ्यांना बघायचं होतं. नाना तिसरा होता. त्यानं धुतलेला सदरा घातला होता, मिशीला पाणी लावलं होतं, आणि घरचीच बाई खुर्चीत म्हटल्यावर चरवी त्या दिवशी दोनदा विसळली होती. पुढचे दोघे विसळण्याच्या भानगडीत न पडणारे, त्यांचं दूध खरंच चांगलं निघालं. मग नानाचा कॅन आला.

बायकोनं दूध ढवळलं, उंच भांड्यात घेतलं आणि काचेची नळी सोडली. नळी तरंगली, हलली, स्थिर झाली. तिनं वाकून पाहिलं. मग पुन्हा पाहिलं.

"कॅन नंबर बारा कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे?" नाना रांगेकडे बघून हसला. "आपलाच."

"तुमचा का?"

"हो, माझा."

"परत न्या."

नानाला वाटलं, ती चेष्टा करतेय. तिच्या तोंडाकडे पाहिल्यावर चेष्टा नाही हे कळलं. तिचे कान लाल झाले होते. पण हात वहीवरून हलला नाही.

"अगं, विसळणीचं आहे ते," नाना खालच्या आवाजात म्हणाला. "सगळेच घालतात."

"सगळ्यांचं त्यांची पाळी आली की बघेन. पाणी आहे यात. परत न्या. मागचे पुढं या."

मागचा कुणी पुढं आला नाही. शिंप्याकडे एक गाय होती. त्याला एकाएकी आठवलं की दुकानात इस्त्री तापत ठेवून आपण आलोय. तो कॅन उचलून चालू पडला. त्याच्यामागं आणखी दोघांच्या घरी काहीतरी जळायला लागलं. बघता बघता रांगेतली अकरा माणसं सात झाली. चेअरमनचा गडी तर कॅन डोक्यावर ठेवता ठेवताच माघारी वळला.

नानानं आपला कॅन खांद्यावर घेतला. चढत्या उन्हात, सगळ्या गावातून, ते परत आलेलं दूध घेऊन तो निघाला. अंग रागानं फणफणत होतं. दहा-बारा पावलं गेल्यावर त्याला मागं वळून पाहायचा मोह आवरला नाही. बायको खुर्चीत बसून पुढच्या कॅनमधली नळी वाचत होती. नऊ वर्षं वाचत होती तशीच, फक्त आता लिहीतही तीच होती.

शिंप्याच्या दुकानापुढं बाक भरला होता. इस्त्री थंडगार होती.

"काय लाइटहाउस," शिंपी म्हणाला, "दूध माघारी?"

नाना थांबला. कॅन खांद्यावरून खाली घेतला, घाम पुसला.

"माघारी," तो म्हणाला. "नवीन मास्तर फार कडक आलाय. वशिला चालत नाही, ओळखपाळख चालत नाही, सख्खा नवरासुद्धा चालत नाही. तुमचे दिवस भरले म्हणून समजा."

आणि त्यानं कॅन पुन्हा खांद्यावर घेतला आणि घरी गेला.